रात्री अडीचचा हूटर आणि कीपॅडवरचा पिवळा दिवा

वाचकाचं पत्र

मी नाशिकला, आमच्या जुन्या बंगल्यात राहते. वय ६४. सोबत ८८ वर्षांच्या सासूबाई. मुलगा टोरांटोला असतो. गेल्या दिवाळीत तो आला होता तेव्हा मागच्या कॉलनीत घरफोडी झाल्याचं ऐकलं आणि त्याने घाईघाईने अलार्म सिस्टीम बसवून घेतली. बसवणारा मुलगा दहा मिनिटं काहीतरी सांगून गेला, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. रात्री सिस्टीम लावून झोपलो की आठवड्यातून एकदा तरी दोन-अडीचला हूटर बोंबलतो. सासूबाई दचकून उठतात, मग त्यांना रात्रभर झोप नाही. जुलैत भर दुपारी, घरात कुणी नसताना वाजला. मुलाला तिकडे पहाटे फोन गेला, शेजारचे कंपाउंडवरून उडी मारून आले, कुणीच नव्हतं. कीपॅडवर ३ आकडा दिसत होता. शेवटी वैतागून मी सिस्टीम लावायचीच सोडली. मध्यंतरी चार-पाच दिवस पॅनेलचं भिंतीवरचं बटणही बंद ठेवलं होतं. ते पुन्हा चालू केल्यापासून कीपॅडवर पिवळा दिवा जात नाही आणि मधूनमधून दोनदा बीप होतं. पॅसेजच्या छतावरचं गोल यंत्र मिनिटाला एकदा टिक् करतं ते वेगळंच. शेजारी म्हणतात, काढून टाका. मुलगा रोज विचारतो, लावलीस का? मी काय करू?

— एक वाचक, नाशिक

ताई,

काढू नका. पण आज रात्री लगेच लावूही नका. तुमच्या पत्रात चार वेगवेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत, आणि त्यातली एकही अशी नाही की जिच्यासाठी सिस्टीम भंगारात काढावी. तुम्हाला ती चालवायला कुणी नीट शिकवलंच नाही. दहा मिनिटांत हे कुणालाच शिकवता येत नाही, तेव्हा ‘मला जमत नाही’ हे मनातून काढून टाका.

शेजाऱ्यांच्या बोलण्यात मात्र तथ्य आहे. परदेशात अशा सिस्टीमच्या मागे बऱ्याचदा पगारी कंट्रोल रूम असते. इशारा तिथे जातो आणि तिथला माणूस पुढची चक्रं फिरवतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांमागे असं कुणी नसतं. आपला हूटर वाजतो तो शेजाऱ्यांसाठी. आठवड्याला उगीच वाजणारा हूटर शेजाऱ्यांना न येण्याची सवय लावतो, आणि खऱ्या रात्री कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. म्हणून खोटे अलार्म थांबवणं हे पहिलं काम. तुमच्या झोपेसाठी तर आहेच, पण सिस्टीमचा काही उपयोग व्हावा म्हणूनही.

रात्री अडीचपासून सुरुवात करू. सिस्टीम लावण्याचे दोन प्रकार असतात आणि माझा अंदाज असा की तुम्हाला एकच दाखवला गेला. पहिला ‘अवे’, म्हणजे घरात कुणी नाही. यात दारं-खिडक्यांवरचे चुंबकी सेन्सर जागे होतात आणि हॉल, जिना, पॅसेजमधले हालचाल टिपणारे सेन्सरही. दुसरा ‘स्टे’, काही पॅनेलवर ‘होम’. यात फक्त दारं-खिडक्या राखल्या जातात, आतले हालचालीचे सेन्सर झोपलेले असतात, म्हणजे घरातली माणसं मोकळेपणाने फिरू शकतात. रात्री झोपताना ‘स्टे’च लावायचं. तुम्ही ‘अवे’ लावून झोपत असणार. सासूबाई उठून पाण्यासाठी किंवा बाथरूमला हॉलमधून गेल्या की सेन्सरच्या दृष्टीने घरात परका माणूस शिरला. त्या रोज उठत असतील, पण रोज त्या सेन्सरच्या टप्प्यात येत नसतील, म्हणून हूटर रोज वाजत नाही. काही पॅनेल शहाणी असतात: लावल्यानंतर पुढचं दार उघडलंच नाही, तर माणसं आतच आहेत असं धरून ती आपोआप ‘स्टे’वर जातात. तुमचं तसं करताना दिसत नाही.

तुम्ही रिमोट वापरत असाल तर तो हातात घेऊन बघा. पुष्कळ रिमोटवर चार बटणं असतात: बंद कुलूप, उघडं कुलूप, घराचं किंवा विजेचं चिन्ह, आणि चौथं मदतीचं. बंद कुलूप म्हणजे ‘अवे’. रात्री दाबायचं ते घराचं किंवा विजेचं. बटणांची चिन्हं कंपनीगणिक बदलतात, म्हणून पहिल्यांदा दिवसाउजेडी दाबून, हॉलमधून एक फेरी मारून खात्री करा. हूटर वाजला नाही म्हणजे बटण बरोबर.

‘स्टे’ लावूनही रात्री वाजला, तर मात्र कारण दुसरं. तेव्हा तुमच्या हातात एक पुरावा असतो आणि तो तुम्ही नकळत पत्रात दिलाही आहे: कीपॅडवरचा आकडा. घराचे जे भाग सिस्टीम ओळखते त्यांना झोन म्हणतात आणि प्रत्येकाला आकडा असतो. अलार्म झाला की कोणत्या झोनमुळे झाला हे पॅनेल लक्षात ठेवतं. आपण घाबरून कोड दाबतो, हूटर गप्प होतो, पुन्हा एकदा कोड दाबतो आणि बऱ्याच पॅनेलवर तेवढ्याने तो आकडा पुसला जातो. मग तंत्रज्ञ आल्यावर ‘काहीतरी वाजत होतं’ यापलीकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून हूटर वाजला की आधी आकडा बघा, तोंडाने मोठ्याने म्हणा, मग कोड दाबा आणि लगेच कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा आणि वेळ लिहा. कोड मात्र कॅलेंडरवर लिहू नका, हे आवर्जून सांगते, कारण फार घरांत तो तिथेच लिहिलेला असतो.

आता तुमचा ३ नंबर. झोनची यादी तुमच्याकडे नाही असं दिसतं. बसवणाऱ्याला फोन करून ती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. ३ म्हणजे मागचं दार निघालं, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. जुलैचा महिना आणि तुमचं जुनं लाकडी दार. दारावरच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात. चौकटीवर एक बारीक काचेची नळी, तिच्यात दोन पत्र्याच्या जिभा. आणि दारावर एक लोहचुंबक. दार बंद असलं की चुंबकाच्या ओढीने त्या जिभा चिकटतात आणि पॅनेलला ‘बंद’ असं कळतं. चुंबक लांब गेला की त्या सुटतात. साध्या सेन्सरला दोन तुकड्यांमध्ये दीड-दोन सेंटिमीटरचं अंतर चालतं, लोखंडी दारावर त्याहून कमी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार चौकटीत पूर्ण बसत नाही, कडी लागते पण फट राहते. मग दुपारी वाऱ्याचा एक झोत आला आणि दार जरासं हललं, तरी जिभा सुटतात.

याची परीक्षा तुम्ही घरच्या घरी करू शकता. बहुतेक पॅनेलवर ‘चाइम’ नावाची सोय असते. सिस्टीम लावलेली नसतानाही दार उघडलं की कीपॅड नुसता टिंग करतो, हूटर वाजत नाही. ती चालू करून घ्या, मागच्या दाराला कडी घाला आणि दार आतून धरून जोराने हलवा. टिंग झालं, तर दोष सापडला. तंत्रज्ञ चुंबक थोडा सरकवून किंवा खाली पातळ पट्टी घालून अंतर कमी करेल. सुताराकडून दाराची कड तासून घेता आली तर उत्तम, पण ते दार पूर्ण वाळल्यावर, दिवाळीनंतर. पावसात तासलेलं दार उन्हाळ्यात खुळखुळतं आणि पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

‘चाइम’ एरवीही चालू ठेवा, असं मी खास तुम्हाला सांगेन. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. पहाटे त्या फुलं काढायला म्हणून दार उघडून बाहेर गेल्या, तर तुमच्या कानावर टिंग येईल. वयस्कर माणसं असलेल्या घरात या एका टिंगचा उपयोग चोरापेक्षा जास्त होतो.

पिवळ्या दिव्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. पॅनेलचं बटण तुम्ही चार-पाच दिवस बंद ठेवलंत. पॅनेलच्या डब्यात एक बॅटरी असते, बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, विटेपेक्षा थोडी लहान आणि हातात घेतली की चांगली जड. वीज गेली की सिस्टीम तिच्यावर चालते. पॅनेल आणि सेन्सर मिळून साधारण ३०० मिलिअँपिअर ओढत असतील, तर नवी बॅटरी कागदावर २३ तास पुरते. प्रत्यक्षात त्याहून कमी. चार-पाच दिवसांत ती पूर्ण रिकामी झाली. या जातीच्या बॅटरीला अगदी तळापर्यंत रिकामं होणं सोसत नाही, ती पुन्हा पूर्वीइतकी भरत नाही. वर, वीज पूर्ण गेल्यामुळे पॅनेलचं घड्याळही शून्यावर गेलं असणार, आणि घड्याळ चुकलं की पुष्कळ पॅनेल तोच पिवळा दिवा लावतात. म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन तक्रारी एकाच दिव्यात आहेत.

पिवळा दिवा आणि मधूनच दोन बीप याचा अर्थ ‘चोर आला’ असा नाही. ‘माझ्यात काहीतरी बिघडलंय, बघा’ एवढाच आहे. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको, कारण कमजोर बॅटरी फसवते. दिवे लागतात, कीपॅड चालतो, सगळं ठीक वाटतं. मग वीज गेलेली असताना हूटर वाजायची वेळ येते, तो एकदम मोठा प्रवाह ओढतो, बॅटरीचा दाब कोसळतो आणि हूटर दोन सेकंद घुमून गप्प होतो. बटण पुन्हा चालू करून दोन दिवस झाले तरी दिवा गेला नसेल, तर बॅटरी बदलूनच घ्या. नव्या बॅटरीवर मार्करने तारीख लिहायला लावा. चांगली निगा राहिली तर ती तीन-चार वर्षं टिकते, पण उष्णतेने आयुष्य घटतं: सभोवतालचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं. म्हणून पॅनेल पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर किंवा इन्व्हर्टरच्या कोंदट कपाटात असेल तर जागा बदला. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, कचऱ्यात टाकू नका. आणि पॅनेलचं ते भिंतीवरचं बटण, पुढे सांगते ती महिन्याची चाचणी सोडली तर, कधीच बंद करायचं नाही. सिस्टीम वापरायची नसेल तेव्हा कोड दाबून नुसती काढून ठेवायची. बटणावर चिकटपट्टी लावा. इस्त्रीसाठी किंवा मोबाइल चार्ज करायला कुणीतरी तोच प्लग काढतं, हे घरोघरी होतं.

मिनिटाला एकदा टिक् करणारं छतावरचं गोल यंत्र म्हणजे धुराचा सेन्सर, आणि तो स्वतःची बॅटरी संपत आल्याचं सांगतोय. टिक् नेमकं रात्री सुरू झाल्यासारखं वाटतं, कारण थंडाव्यात कमजोर बॅटरीचा दाब आणखी उतरतो, शिवाय घर शांत असतं. बॅटरी चांगल्या प्रतीची घाला. स्टुलावर तुम्ही चढू नका, कुणाला तरी बोलवा. तो पॅसेजमध्ये आहे हे योग्यच आहे. ऐन स्वयंपाकघरात तो फोडणीला आणि भाजलेल्या पापडाला वाजत राहिला असता. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेचा सेन्सर लावतात. तो साधारण ५७ अंशांना वाजतो, फोडणीकडे लक्ष देत नाही.

आगीचा आवाज मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. तीनदा बीप, मग थोडी विश्रांती, पुन्हा तीनदा, असा ठेका आगीसाठी अनेक देशांत धरला जातो. चोरीचा हूटर सहसा अखंड किंवा वरखाली होणाऱ्या सुरात वाजतो. स्वस्त पॅनेलमध्ये दोन्हीला एकच आवाज असतो. तुमच्यात काय आहे हे तंत्रज्ञाकडून वाजवून ऐका, आणि फरक करता येत असेल तर करून घ्या. कारण दोन्ही वेळी करायचं ते अगदी उलट आहे. चोरीच्या हूटरला दार लावून आत थांबायचं, आगीच्या हूटरला सासूबाईंना घेऊन ताबडतोब बाहेर पडायचं. कीपॅड बघत बसायचं नाही.

गॅसचा सेन्सर आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर तो जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली पसरतो. छताजवळ लावलेला गॅस सेन्सर मी घरांमधून पाहिला आहे आणि दर वेळी जीव कळवळतो. तो वाजला तर दिव्याचं कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. हूटर वाजू द्या.

चोरीचा हूटर रात्री वाजला तर काय करायचं, हे सासूबाईंनाही समजावून ठेवा. तुम्ही दोघी एका खोलीत या, आतून कडी लावा, बाहेरचे दिवे लावता येत असतील तर लावा, शेजाऱ्यांना आणि ११२ ला फोन करा. कोण आहे ते पाहायला पुढे जायचं नाही. पलंगाजवळ मदतीचं बटण असेल तर ते सिस्टीम लावलेली नसतानाही चालतं, चोवीस तास. सासूबाई पडल्या, तुम्हाला चक्कर आली, तरी ते दाबायचं. चोरासाठीच आहे असं समजू नका.

याच्याइतकाच महत्त्वाचा एक इशारा बहुतेकांना माहीत नसतो. तुम्ही बाहेरून घरी आलात, दार उघडलंत, तर नेहमी कीपॅड सावकाश बीप करत तुम्हाला कोड दाबायला वेळ देतो, सहसा अर्धा मिनिट. त्याऐवजी तो सुरुवातीपासूनच भराभर बीप करू लागला किंवा अलार्म होऊन गेल्याचा दिवा लागलेला दिसला, तर तुमच्या गैरहजेरीत अलार्म झाला होता आणि माणूस अजून आत असू शकतो. कोड दाबायला आत जाऊ नका. तसंच मागे फिरा, शेजाऱ्यांकडे जा, तिथून पोलिसांना फोन करा. हीच गोष्ट तुमच्या कामाच्या मावशींनाही सांगा.

मावशींचा विषय निघाला म्हणून. त्यांना तुमचा कोड देऊ नका, त्यांचा स्वतंत्र कोड करून द्या. यात त्यांच्यावर अविश्वास नाही. उद्या त्यांनी काम सोडलं तर तेवढाच कोड काढता येतो, आणि कोणी कधी कोड दाबून सिस्टीम काढली याची नोंद पॅनेलमध्ये राहते, त्यामुळे त्यांच्यावरही उगीच संशय येत नाही. हॉलमधल्या सेन्सरचा लाल दिवा चमकतो तो कॅमेरा नव्हे, हेही त्यांना सांगा. तो फक्त हालचाल दिसली म्हणून लुकलुकतो, सिस्टीम लावलेली असो वा नसो. घरात वावरणाऱ्या बाईला आपलं चित्रण होतंय असं वाटत राहणं बरोबर नाही. आणि कारखान्यातून आलेला १२३४ किंवा ००००, जो काही कोड असेल, तो बदलला आहे का ते पहिल्यांदा तपासा. बसवणाऱ्याचाही एक कोड असतो, तोही बदलून घ्या आणि बंद पाकिटात घरी ठेवा.

हॉलमधल्या त्या सेन्सरविषयी थोडं, कारण पुढे त्याचीच तक्रार येण्याची शक्यता जास्त. तो स्वतः काहीही सोडत नाही, शरीरातून बाहेर पडणारी उष्णता पाहतो. त्याच्या पुढच्या दुधाळ प्लॅस्टिकवर बारीक खाचा दिसतील. त्या खोलीचे अनेक उभे काप करतात, आणि उबदार काहीतरी एका कापातून दुसऱ्यात गेलं की त्याला हालचाल कळते. म्हणून समोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन दिसतो, थेट त्याच्या दिशेने चालत येणारा उशिरा. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. मे महिन्यात खोलीचं तापमान माणसाच्या कातडीइतकं झालं की त्याची नजर मंदावते. त्याला फसवतात त्या गोष्टी सगळ्या आपल्या घरातल्या: तापलेला पडदा पंख्याने हलणं, खिडकीतून थेट पडणारं ऊन, अगदी समोर तेवणारी समई. सर्वांत मोठी उपद्रवी पाल. ती पॅसेजभर फिरली तर सहसा काही होत नाही, पण सेन्सरच्या तोंडावरच येऊन बसली तर एवढी जवळ असते की सेन्सरला मोठं काहीतरी हलल्यासारखं वाटतं. मुंग्या आणि कोळी वायरच्या भोकातून आत शिरतात. ते भोक सिलिकॉनने बुजवून घ्या आणि महिन्यातून एकदा पुढचं प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने पुसा.

आता फोनचं. मुलाचा नंबर पहिला ठेवला आहे, त्यामागची माया कळते, पण तो क्रम चुकीचा आहे. जुलैत आपले दुपारचे तीन वाजतात तेव्हा टोरांटोत पहाटेचे साडेपाच असतात. झोपेतून उठून तो तिकडून काय करणार? तो तुम्हालाच फोन करणार, आणि तुम्ही बाहेर. पहिला नंबर अशा माणसाचा हवा जो पाच मिनिटांत फाटकाशी येऊ शकतो. ते शेजारीच. दुसरा नाशिकमधल्या नातेवाइकाचा, तिसरा तुमचा, मुलगा शेवटी. हे त्याला मी सांगितलं म्हणून सांगा.

पॅनेलमध्ये सिमकार्ड असतं त्याचा रिचार्ज कोण करतं, हेही विचारून घ्या. वैधता संपली की सिस्टीम वाजते, पण फोन कुणालाच जात नाही, आणि हे अनेक घरांत वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. सिम बदलायची वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा: स्वस्त पॅनेलचे डायलर, म्हणजे आपोआप फोन लावणारे भाग, फक्त २जीवर चालतात आणि जिओचं जाळं ४जीपासून सुरू होतं, त्यामुळे त्यात ते सिम चालणार नाही.

शेजाऱ्यांकडे एकदा स्वतः जा. झाल्या त्रासाबद्दल बोला, आणि काय दुरुस्त करताय तेही सांगा. हूटर तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असा वेळ लावून घ्या. कायद्याने निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हूटर जवळून १०० च्या वर असतो, आणि पलीकडे कुणाचं तान्हं बाळ असेल. महिन्यातून एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास चाचणी घेणार असं त्यांना सांगून ठेवा. चाचणी करताना भिंतीवरचं बटण पाच मिनिटांपुरतं बंद करून बॅटरीवर हूटर वाजतो का ते बघा, प्रत्येक दार एकदा उघडा, प्रत्येक सेन्सरसमोरून चाला, शेजाऱ्यांना फोन गेला का विचारा. मग बटण आठवणीने चालू करा. गणपतीला किंवा मुलाकडे जायचं ठरलं तर त्यांना आधी कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यातही घर बंद असल्याचं सांगून ठेवा.

या आठवड्यात तंत्रज्ञाला बोलवाल तेव्हा त्याच्याकडून ही कामं समोर उभं राहून करून घ्या: बॅटरी, घड्याळ, मागच्या दाराचा चुंबक, कोड, फोनचा क्रम, हूटरची वेळ. झोनची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून पॅनेलच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवायला लावा, बाहेरून नको. बाहेरचा हूटर आहेच, पण आतही एक लहान हूटर असेल तर त्याचा आवाज कमी करता येतो का विचारा, सासूबाईंच्या छातीत धडकी भरेल इतका तो मोठा असायची गरज नाही. आणि तो म्हणाला की ‘काकू, तुम्ही नका लक्ष घालू, मी करतो’, तर त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि कोड स्वतःच्या बोटांनी दाबून, ‘स्टे’ लावून, काढून दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका.

त्यानंतर पहिल्या काही रात्री नुसतं ‘स्टे’ लावा आणि कॅलेंडर बघत राहा. पुन्हा वाजलाच तर आकडा, वेळ आणि पॅनेलचं मॉडेल लिहून मला कळवा. पिवळा दिवा नव्या बॅटरीनंतरही राहिला, तर कीपॅडवर त्या वेळी जे अक्षर किंवा आकडा येतो तोही जसाच्या तसा उतरवून पाठवा.